जवळचं धूसर

"हा जवळचं सोडतो नि लांबचं धरतो," कॅमेरा हातात देताना वरच्या मजल्यावरच्या आस्ताने बजावलं होतं. "थेट माझ्या नवऱ्यासारखा. घरात बसला तरी नजर बंदरावर."

रिक्केने ते हसण्यावारी नेलं. शेजाऱ्यांनी अंगणात मांडलेल्या जुन्या बाजारात एका कॉफीच्या किमतीत मिळालेला कॅमेरा. त्याच्याबद्दल तक्रार कसली करायची? शिवाय फोन हातात घेतला की भलतंच काहीतरी बघत बसायला होतं. याच्यात फक्त तिचं बाळ, एस्कील.

आत्ता एस्कील अंगणात बाबागाडीत झोपलाय, नाकापर्यंत पिसांच्या दुलईत. इथली सगळीच पोरं थंडीत अशी बाहेर झोपतात आणि त्यांच्या आया आत निवांत बसतात. रिक्के गाडीपाशीच उभी असते. दुलई हलतेय ना, बघते. फोटो काढते. पुन्हा दुलई बघते.

"अगं, पोर झोपलंय, पळून नाही चाललेलं!" वरच्या खिडकीतून आस्ता रोज ओरडते. "ये वर. कॉफी गार होतेय."

"उद्या नक्की, आस्ता!"

आज ती ओरडली नाही.

रिक्के नुकताच काढलेला फोटो बघते. एस्कीलचा चेहरा म्हणजे नेहमीसारखाच पांढरट डाग. मागची, वरची आस्ताची खिडकी मात्र लख्ख. खिडकीत चिनीमातीचे दोन कुत्रे. त्यांच्या पाठी दिसतायत.

पाठी?

नवरा बोटीवर असला की कुत्र्यांची तोंडं बाहेर, घरी आला की आत. बंदरावरच्या बायकांची ही जुनी रीत. आस्ताचा नवरा वारला तरी ती कुत्र्यांना फिरवतच राहिली. सकाळी तोंडं अंगणाकडे, रात्री घराकडे. "म्हातारी उठली, एवढं तरी कळू दे लोकांना," म्हणायची.

रिक्के बटण दाबत मागे जाते. कालचा फोटो: डाग, आणि पाठी. परवाचा: डाग, आणि दोन कुत्रे तिच्याकडे टक लावून बघतायत.

काल याच जागी उभी राहून तिने किती फोटो काढले होते! वरून हाक तर कालही आली नव्हती.

ती आस्ताला फोन लावते. तिच्या खिडकीची वरची काच उघडी आहे. घंटी अंगणात ऐकू येते. वाजते, वाजते, थांबते.

"आस्ता!"

एक कबुतर उडतं. एस्कील ओठ चोखतो आणि पुन्हा झोपतो.

आस्ताची जादा किल्ली रिक्केच्या जुडग्यात आहे. एस्कीलला उचलून घ्यावं? पण वर कुणाला उचलावं लागलं तर? ती दोन पावलं जिन्याकडे जाते, परत येते, गाडीचा ब्रेक तपासते. तो लागलेलाच आहे. पुन्हा तपासते. दुलई सारखी करते, मग सारखी केल्यामुळे नाक झाकलं तर नाही ना, म्हणून खाली ओढते.

मग कॅमेरा गाडीच्या दांडीला अडकवून ती पळत सुटते.

जिन्याच्या दारात ती थबकते, वळते. अंगणात दुसरं कुणीच नाही. तुम्हीच आहात.

"अहो, जरा बघता का त्याच्याकडे? जवळ जाऊन. दुलई हलतेय ना, एवढंच."