हिरोशिमाची चिनात्सु

“मी मेले की मला तूच आंघोळ घालायची,” तोमेआजी म्हणाली. “कबूल कर.”

चिनात्सुचा हात म्हातारीच्या साबण लावलेल्या पाठीवर जिथल्या तिथे थांबला. चिनात्सु कामाला होती त्या वृद्धांच्या केंद्रात मंगळवार आंघोळीचा. खिडकीबाहेर भरदुपारी बर्फ पडत होतं आणि आत एवढी वाफ कोंडली होती, की बोलणाऱ्याचं तोंड दिसायच्या आधी नुसता आवाजच तरंगत यायचा.

“मरण पुढच्या मंगळवारी ठेव,” असाच एक आवाज हौदातून आला. तो केंद्रातल्याच दुसऱ्या म्हातारीचा, नोबुएचा. ती गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसली होती. वर्षातला सगळ्यात लहान दिवस म्हणून पाण्यात युझूची लिंबासारखी पिवळी फळं सोडली होती, ती तिच्या हनुवटीला येऊन टेकत होती. “आज आधी पाठ धुऊन घे बाई. मी इथे शिजतेय.”

“शीज. तुझा रस्सा तरी होईल.” तोमेआजीने मान वळवली नाही. “भाचा काय, हातमोजेवाली माणसं बोलावून मोकळा होईल. मला रबर नको. हात पाहिजे. पोरी, तुझा हात माझ्या पणजीसारखा आहे. तीही अशीच घासायची, मानेपासून खाली, घाई न करता. आणि घासता घासता गेल्या लढाईचं सांगायची.”

इथे आइझूत गेली लढाई म्हणजे विमानांची नव्हे. तिच्याही कितीतरी आधीची, देशातल्या देशात झालेली. पश्चिमेकडून चोशू प्रांताचं सैन्य आलं, गाव जळलं, किल्ला महिनाभर तोफा खात उभा राहिला, ती. त्याला दीडशेहून जास्त वर्षं झाली. पणजी तेव्हा नऊ वर्षांची होती, आणि ती तोमेला न्हाऊ घालायची तेव्हा तोमे नऊ वर्षांची. वाफेत तोमेआजी सांगू लागली म्हणजे यातली कोणती नऊ वर्षांची मुलगी बोलतेय ते चिनात्सुला कळेनासं व्हायचं. पावसात वाजणारी आगीची घंटा. किल्ल्याचं मिटलेलं दार. चिखलात रुतून राहिलेली एक इवलीशी चप्पल. सगळं जणू मागच्या गल्लीतलं, आज सकाळचं.

“चोशूवाल्यांचं मी काही खात नाही,” तोमेआजी म्हणाली. “त्यांच्याकडची दारूसुद्धा पीत नाही.”

“एकदा प्यालीस,” नोबुए म्हणाली.

“बाटलीवरचं वाचलं नव्हतं. कळल्यावर गुळण्या केल्या.”

“केल्यास की. बाटली संपल्यावर.”

एरवी चिनात्सु हसली असती. नवऱ्याची इथे बदली झाली तेव्हा त्याने येताना गाडीतच बजावलं होतं, कुणी विचारलं तर हिरोशिमा सांग, शेजारचंच तर आहे. ती सांगून बसली. तीन वर्षं ती हिरोशिमाची होती. माहेरहून परतताना वाटेत हिरोशिमाला मुद्दाम उतरायचं, तिथली मेपलच्या पानाच्या आकाराची मिठाई घ्यायची, इथे सगळ्यांना वाटायची. आई दर खेपेला विचारायची, “अगं, आपल्याकडचं काहीच कसं नेत नाहीस?”

जिवंतपणी ते चालून गेलं. नको असलेला हात जिवंत माणसाला झटकता येतो. मेल्यावर कसा झटकणार?

“तोमेआजी,” ती म्हणाली, “मी हिरोशिमाची नाही. मी यामागुचीची आहे. म्हणजे चोशूचीच.”

नळ ठिबकत राहिला. हौदात नोबुए नाकापर्यंत खाली गेली आणि थोड्या वेळाने वर आली.

“आणि ती मिठाई?” तिने विचारलं.

“ती हिरोशिमाचीच होती.”

“मग ठीक.”

तोमेआजीच्या पाठीवरचा फेस बुडबुडा बुडबुडा करत विरत होता. मग तिने भिंतीचा दांडा धरला आणि ओल्या फरशीवर पावलं बोटबोटभर सरकवत स्टुलावर बसल्या बसल्या वळायला सुरुवात केली. चिनात्सु सावरायला पुढे झाली, तर कोपराने अडवली गेली. ते वळणं फार वेळ चाललं. बर्फ पडून पडून खिडकी अर्धी भरली असेल, असं वाटण्याइतका वेळ.

शेवटी ती समोर आली. तीन वर्षं चिनात्सुने तिची पाठ धुतली होती. चेहरा इतक्या जवळून आज पाहिला. म्हातारीला धाप लागली होती आणि गालावर साबणाचा एक ठिपका होता.

“पणजीची आई अशीच वळली होती,” तोमेआजी म्हणाली. “पळता पळता, भर रस्त्यात. मुलीला म्हणाली, तू जा. आणि आपण तुमच्या लोकांकडे तोंड करून उभी राहिली. आमच्या घरात तुम्हाला कुणी पाठ दाखवलेली नाही.”

“हो,” चिनात्सु म्हणाली.

“हो काय? पाणी ओत. गारठतेय मी.”

चिनात्सुने पाणी ओतलं. खांद्यांवर, गळ्याखालच्या खळगीत, गुडघ्यांवर. पाणी डोळ्यांत गेलं तरी तोमेआजीने पापणी लववली नाही. ती चिनात्सुकडे बघत राहिली आणि चिनात्सु तिला धूत राहिली. वाफेत दोघींखेरीज काही उरलं नव्हतं.

“आणि ते मघाचं?” हौदातून नोबुएने विचारलं. चिनात्सुला स्वतः विचारायचा धीर होत नव्हता. “मेल्यावरचं?”

तोमेआजीने भिंतीचा दांडा सोडला.

“तेव्हा मला वळता यायचं नाही,” ती चिनात्सुला म्हणाली. “तेव्हा तूच फिरून पुढे ये.”