टिगचा सांधा

बाबा गेलेत हे आईच्या लक्षात राहत नव्हतं. दोनदा ती डबा घेऊन निघाली आणि भाईंदरला त्यांच्या बंद वर्कशॉपसमोर सापडली. शेवटी उर्मिलाने घराला लोखंडी जाळीचा दरवाजा करायला सांगितला. बाबांच्या हाताखाली तयार झालेला जीवन म्हणाला, "ताई, मिग वेल्डिंगने आजच होईल. टिगला तीन दिवस जातील, पण सांधा उस्तादांसारखा येईल." आईला कोंडायचंच, तर निदान बाबांच्या पद्धतीने. "टिगच कर," उर्मिला म्हणाली आणि तीन दिवस रजा घेऊन उंबऱ्यात बसली. दरवाजा बसला, कुलूप पडलं. आईने सवयीने सांध्यावरून अंगठा फिरवला. माशाच्या खवल्यांसारखी बारीक ओळ लागताच तिचा चेहरा उजळला. "तुझ्या बाबांचंच काम! मग किल्ली त्यांच्याकडे असेल. येऊ दे त्यांना." डबा मांडीवर घेऊन ती जाळीशी बसली. उर्मिलाच्या मुठीतली किल्ली तळव्यात रुतत होती.