रिकामं खोगीर

मातीच्या घोड्याची पाय अडकवायची उजवी रिकीब डावीपेक्षा बोटभर खाली लोंबत होती. गावच्या युद्धस्मारकाचा हा घोडा सरोल्ताने घडवला होता. वरचा स्वार बुडापेस्टचे प्राध्यापक करणार होते, कारण वीरपुरुष घडवणं बाईचं काम नव्हे, असं स्मारक समितीचं मत पडलं होतं. घोडा स्वाराविना पुरा आहे, हे सरोल्ताला केव्हाच कळलं होतं. बोलायचं मात्र ती टाळत आली होती.

गावप्रमुख बोद्रोगी रिकिबी बघून हसले. "सरोल्ताबाई, मोजपट्टी घरी राहिली वाटतं? प्राध्यापकांचा स्वार लंगडा दिसेल की!"

"माप बरोबर आहे. तुमच्याच गावातल्या एका जुन्या खोगिरावरून घेतलंय."

बोद्रोगींबरोबर आलेली युलचा नावाची मावशी पुढे झाली. तिचा नवरा युद्धावरून परतला नव्हता. तिने डाव्या रिकिबीवर हात ठेवला.

"हे आमच्या गेर्गेयचं खोगीर. डावा पाय आखूड होता त्याचा. नाचायला उभा राहिला की दर गिरकीला माझाच पाय तुडवायचा." ती हसली, आणि मग तिने वर पाहिलं. "यावर आता दुसरं कोण बसणार आहे?"

बोद्रोगींनी हळूच टोपी काढली.

सरोल्ताने हाताची माती पुसली. "कुणी नाही, मावशी. प्राध्यापकांना मी कळवते, स्वार नको. घोडा असाच ब्राँझमध्ये ओतायचा."