वरची ओळ

"नाव वाचलं की हात सैल होतो," असं म्हणत नाट्यसंस्थेचे अर्थप्रमुख एकतीस वर्षं खर्चाच्या प्रत्येक कागदावरचा फक्त खालचा आकडा बघत आणि लाल पेन चालवत.

आज त्यांचा नोकरीतला शेवटचा दिवस. नवा शर्ट घालून ते सहा वाजेपर्यंत वाट बघत बसले, पण केबिनमध्ये कोणी डोकावलंही नाही. नटूनथटून आलेली बायको खाली दारात ताटकळत होती.

"एक फूल द्यायलाही हात जड झाले तुमचे?" ते कारकून बाईंवर डाफरले.

बाईंनी चाचरत फाइल पुढे केली. "साहेब, आम्ही मंजुरी मागितली होती. सोमवारी तुम्हीच..."

आकड्याशेजारी त्यांचंच अक्षर होतं: 'वायफळ खर्च. नामंजूर.'


मग त्यांनी पहिल्यांदाच वरची ओळ वाचली: 'साहेबांचा निरोप समारंभ.'