कार्ब्युरेटरला कुंकू

पोर्चमध्ये पसरलेलं वर्तमानपत्र जागेवर नव्हतं. त्यावर ओळीनं मांडलेले कार्ब्युरेटरचे सव्वीस भागही नव्हते.

सुमंत सर राहुरीहून गाडीचं नवं पॅकिंग घेऊन आले होते. ते तसंच हातात धरून, चपलासुद्धा न काढता, सर घरात धावले.

देवघरापुढे पाटावर सगळं मांडलेलं होतं. पाने, पक्कड, विळी, कात्री आणि पुढे ते सव्वीस भाग. घासूनपुसून लख्ख. लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत. प्रत्येकाला हळद, प्रत्येकाला कुंकू, वर झेंडूच्या पाकळ्या.

"निवेदिता!"

त्यांची बायको पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून आली. "ओरडताय काय? खंडेनवमी आहे आज. हत्यारांची पूजा नको करायला?"

"अगं, पण कार्ब्युरेटरला कुंकू कोण लावतं! आणि माझा कागद कुठाय? नंबर घातले होते मी त्यावर!"

"तो तेलकट कागद होय? सकाळीच बंबात घातला."

सरांनी पॅकिंग खाली ठेवलं. आठ दिवस! आयुष्यभर गणित शिकवलेला माणूस, म्हाताऱ्या गाडीपुढे आठ दिवस ओणवा झाला होता. मोबाईलवरचा व्हिडिओ थांबवायचा, एक भाग काढायचा, कागदावर ठेवायचा, शेजारी पेन्सिलीनं आकडा घालायचा. गाडी सुरू व्हायची, पण जरा वेग द्यायला गेलं की खोकून बंद पडायची. का, ते काही केल्या कळत नव्हतं. प्लग बदलून झाले, सगळं पेट्रोलात बुडवून झालं, फुंकून फुंकून गाल दुखले. निदान उघडलेलं परत जोडता येईल एवढं तरी जमलं होतं. आता तेही गेलं बंबात.

आणि परवा भंगारवाला येणार होता. मुलानं, अर्णवनं, पुण्याहूनच ठरवून टाकलं होतं. दसऱ्यापर्यंत नीट चालली तर ठेवा म्हणाला, नाहीतर गाडी द्यायची. "कुठं जायचं असलं तर मला फोन करा बाबा, मी टॅक्सी पाठवतो." सरांना फोन करून कुठंच जायचं नव्हतं. मनात आलं की किल्ली घ्यायची आणि निघायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

त्यांनी कल्याणला फोन लावला. कल्याण त्यांचा जुना विद्यार्थी, बाजारात त्याचं गॅरेज.

"सर, आज पान्याला हात न्हाई लावायचा. सगळी हत्यारं पूजेत हायेत. परवा सकाळी येतो की."

"परवा सकाळी भंगारवाला येतोय रे!"

"मग आमी येऊन काय करू, सर?"

सरांनी फोन आपटला आणि पाटावरचा पाना उचलायला हात पुढे केला.

"अहो, हलवू नका! उद्या उत्तरपूजा झाल्यावर घ्या."

"उत्तरपूजा गाडीचीच होणार आहे आता!" सर कडाडले. "ज्यातलं आपल्याला कळत नाही त्यात हात घालावा कशाला माणसानं?"

निवेदिताबाई पाटाकडे बोट दाखवत म्हणाल्या, "तो पितळी बारका तुकडा आहे ना, त्याच्या पोटातलं भोक बुजलं होतं. धुताना पाणी पलीकडे जाईना. मग स्टोव्हची पिन मारली. हा एवढा काळा गोळा निघाला त्यातून."

सरांनी तो तुकडा उचलला. या वेळी त्यांनी अडवलं नाही. खिडकीशी जाऊन सरांनी तो डोळ्यापुढे धरला. सुईच्या टोकाएवढा उजेड आरपार दिसत होता.

पेट्रोल याच वाटेनं जायचं. आठ दिवस तो तुकडा त्यांच्या हातात होता.

"रॉकेलच्या स्टोव्हवर वीस वर्षं स्वयंपाक केलाय मी," निवेदिताबाई म्हणाल्या. "ज्योत फडफडायला लागली की पिन मारायची. तेवढंच येतं मला."

सर खाली बसले. आवाज उतरला होता. "पण आता जोडू कसा? व्हिडिओ दुसऱ्याच गाडीचा, आणि कशानंतर काय, काही आठवत नाही मला."

"आधी ती लांब स्प्रिंग, मग चकती, मग हा पितळी तुकडा. त्याच्यावर ती भोकाची पट्टी, उलटी नाही घालायची. तुम्ही दोनदा उलटी घातलीत."

"तुला कसं माहीत?"

"ओट्यापुढच्या खिडकीतून तुमचा पोर्चच दिसतो. आठ दिवस दुसरं काय बघितलं मी?"

"मग बोलली का नाहीस?"

"पहिल्याच दिवशी म्हणालात, मधे बोलू नकोस, माझा क्रम चुकतो."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. सरांनी पितळी तुकडा जपून पाटावर ठेवला, त्यावरून उडालेली पाकळी परत त्यावर ठेवली.

"ती पिन कुठाय?"

"काडेपेटीत. का?"

"आण जरा."

पत्र्याच्या पट्टीला तार बसवलेली, काजळी धरलेली ती पिन निवेदिताबाईंनी आणून दिली. सरांनी पाने थोडे बाजूला सरकवले आणि ती ओळीत सगळ्यांच्या आधी ठेवली. मग कुंकवाचा करंडा बायकोपुढे केला.

"हिची राहिली," ते म्हणाले.