बाळंतिणीची छत्री

किनाऱ्यावर छत्र्या-खुर्च्या भाड्याने देणारी मावशी पाणी पिऊन परतली, तर टोकाच्या छत्रीखाली एक अख्खं कुटुंब हातपाय पसरून बसलं होतं.

ती छत्री भाड्याची नव्हतीच. तिच्या सावलीत, वाळूतल्या बशीएवढ्या खळग्यात तीन अंडी होती. वाळूच्याच रंगाची, पाय पडल्यावरच कळावीत अशी. त्यांची आई, मुठीत मावेल एवढीशी पक्षीण, रोज भर उन्हात अंड्यांवर सावली धरून उभी राहायची, मधूनच पाण्याकडे पळून पोट भिजवून यायची. आज सुट्टीची गर्दी झाली आणि तिला परतायला वाटच मिळेना. उघडी अंडी तव्यावर ठेवल्यासारखी तापू लागली. मावशीने मग जन्मभर केलं तेच केलं. ऊन दिसलं, छत्री रोवली.

नवरा तेव्हाच म्हणाला होता, "उद्या माशांना खुर्च्या दे!" पण या किनाऱ्यावर छत्री दिसली की माणूस बसतोच, हे त्यालाही सुचलं नव्हतं. करायला गेली एक आणि झालं भलतंच.

"आजी, बघ, लंगडं पाखरू!" कुटुंबातली छोटी टाळ्या पिटत उठली.

थोड्या अंतरावर पक्षीण एक पंख वाळूत ओढत फरफटत होती. ती लंगडी नव्हती. पंख मोडल्याचं सोंग होतं ते, माणसांनी अंडी सोडून आपल्यामागे लागावं म्हणून.

"उठा जरा," मावशी म्हणाली. "ही जागा राखून ठेवलीय."

"कुणासाठी?" छोटीच्या बापाने काळा चष्माही काढला नाही. "मघापासून इथे कुणी फिरकलेलं नाही."

"बाळंतीण आहे हो. गर्दी बघून लांब थांबलीय बिचारी, उन्हात."

"अगं बाई! मग आधी नाही का सांगायचं?" आजी गुडघ्यावर हात टेकून उठली. लेकाला उठवलं, नातीला जवळ ओढलं, पिशवी उचलायला वाकली आणि तशीच थबकली. अंडी पिशवीपासून वीतभर लांब होती.

तिने अंड्यांकडे पाहिलं, मग त्या फरफटणाऱ्या पाखराकडे.

"हीच का ती?" तिने हळूच विचारलं.

मावशीने मान डोलावली.

छत्रीलाही पक्षीण बिचकत होती, तेव्हा मावशीने छत्रीच उपटून काढली. ऊन थेट अंड्यांवर पडलं. तिला तिथे थांबवेना आणि लांब जाववेना. तरी तिने बरंच अंतर सोडून खुर्च्यांची एक आडवी रांग लावली, कुणी पुढे जाऊ नये म्हणून. सगळ्या खुर्च्या उलट्या, समुद्राकडे पाठ केलेल्या.

"आपण टक लावून बसलो तर ती यायची नाही," ती म्हणाली.

"एवढ्या लांब येऊन समुद्राकडे पाठ करून बसायचं?" छोटीचा बाप कुरकुरला.

"बसायचं," आजी म्हणाली. "तुझ्या वेळी घरभर पाहुणे. उशाशी बसलेलं एक माणूस हलायला तयार नाही. तू रडून रडून निळा पडलास, पण मला पाजायला घेता येईना. बस गुपचूप."

तो बसला. चष्माही काढला.

आता सगळ्यांची तोंडं वरच्या अंगाला, जिथे मावशीचा नवरा खुर्च्यांच्या ढिगापाशी उभा होता. लाटांच्या आवाजात हाका पोचत नाहीत, म्हणून नवरा-बायकोने खुणा ठरवल्या होत्या. उघडा पंजा म्हणजे जागा रिकामी, मूठ म्हणजे भरली. एरवी दोघांचं कशावर एकमत होईल तर शपथ, पण एवढ्या दोन खुणांवर संसार सुरळीत चालला होता.

मावशीने लांबूनच त्याला हाताने विचारलं, काय?

त्याने पंजा दाखवला.

"आली का?" छोटीने कुजबुजत विचारलं.

"नाही अजून. मागे बघू नकोस हं."

मावशीची स्वतःची मान मात्र वळायला बघत होती. तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. अंडी किती तापली असतील, हा विचार काही केल्या डोक्यातून जाईना. आजीने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

वर एक गिऱ्हाईक खुर्चीसाठी नवऱ्याच्या अंगावर ओरडत होतं. त्याचं लक्षच नव्हतं. डोळ्यांवर हाताची सावली धरून तो त्यांच्या डोक्यांवरून पलीकडे बघत होता. गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलं.

मग त्याने हात वर केला. मूठ.

आणि ती बराच वेळ खाली घेतली नाही.