डबल बेल

"आमच्या वेळी ही असली बटणं नव्हती," मास्तर म्हणाले. शेजारी बसलेल्या कॉलेजच्या मुलीने एका कानातला इअरफोन काढला, म्हणून त्यांना आणखीच चेव आला.

तीस वर्षं कंडक्टरकी केलेल्या माणसाला बसमध्ये गप्प बसवत नाही. त्यातून आज गाडीवर जुना जोडीदार निघाला होता, निवृत्तीला चार महिने उरलेला ड्रायव्हर. मास्तरांनी चढताना यंत्राला कार्ड लावलं, तेव्हा तो हसून म्हणाला होता, "काय मास्तर, शेवटी तुम्हालाही तिकीट लागलं!" मास्तर तोऱ्यात मागच्या दाराशी, आपल्या हक्काच्या जागी जाऊन बसले होते.

आता गाडी थांब्यावर उभी होती. विजेवरची गाडी, उभी राहिली की हूं नाही की चूं नाही.

"मग गाडी सुटायची कशी?" मुलीने विचारलं.

"कशी म्हणजे? कंडक्टरच्या हुकमानं. शेवटच्या माणसाचा पाय खाली टेकला, दारात कोणी नाही, हे डोळ्यांनी बघायचं आणि मग डबल बेल. दोरी तुटली असली तर हातातला तिकिटाचा पंच दांड्यावर वाजवायचा. हा असा."

पंच नव्हता, घराची किल्ली होती. मास्तरांनी ती दांड्यावर दोनदा वाजवली. टण, टण.

दारं मिटली आणि गाडी हलली.

मागच्या दारातून एक बाई उतरत होत्या. त्यांच्या पिशवीचा बंद दारात अडकला, चार पावलं त्या फरफटत गेल्या आणि गुडघ्यांवर आपटल्या. गाडी थांबली. मास्तर दारापासून हातभर अंतरावर होते आणि त्यांनी दाराकडे पाहिलंच नव्हतं.

बाईंना लोकांनी थांब्यावरच्या बाकावर बसवलं. गुडघे फुटले होते, मनगट सुजत चाललं होतं. बाकीच्यांनी मोबाइल काढून ड्रायव्हरवर धरले. डोळे फुटलेत का, असंही कोणी विचारून घेतलं. थोड्या वेळाने डेपोचे साहेब आले.

"मागच्या दाराचा कॅमेरा तुझ्या नाकासमोर आहे. बघितला नाहीस?"

"नाही, साहेब."

"फोनवर होतास?"

"नाही."

"मग?"

ड्रायव्हरने टोपी काढून हातात घेतली. "चूक झाली. तसं लिहा."

"तसं लिहिलं तर उद्यापासून घरी बसशील. चार महिने राहिलेत तुझे." साहेब गाडीकडे वळले. "कोणी काही पाहिलं का?"

मुलीने मास्तरांकडे पाहिलं, मग त्यांच्या हातातल्या किल्लीकडे. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या आवाजाने आयुष्यभर गाड्या दणाणून सोडल्या, त्यातून 'मी' एवढं एक अक्षर निघेना. किल्ली त्यांनी खिशात टाकली. ती वाजू नये म्हणून मुठीत धरूनच टाकली, आणि त्याचीही त्यांना लाज वाटली.

साहेब लिहायला लागले. बाईंची एक चप्पल मागच्या पायरीवर राहिली होती, ती उचलायला ड्रायव्हर आत आला. मास्तरांच्या पायाशीच वाकला. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि मास्तर जे बोलले ते बोलायला नको होतं.

"कॅमेऱ्यात बघायचं नाही का रे?" ते पुटपुटले.

ड्रायव्हरने चप्पल झटकली. त्याच्या आवाजात राग नव्हता.

"डबल मिळाल्यावर मी कधी मागं बघितलंय का, मास्तर?"